बिगुल वाजत होतं तेवढा वेळ

हुणसीहाळच्या शाळेसमोर काळ्या दगडाचा जो चौथरा आहे, तो मी उभं राहून बांधून घेतला. दगड गडहिंग्लजहून आणला, अक्षरं कोरणारा कारागीर कोल्हापूरहून. वर मोठ्या अक्षरांत ‘शहीद नाईक शिवशरण भीमाप्पा कोरी’, खाली तारीख, आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, ‘स्मारक समिती अध्यक्ष : सुभेदार (निवृत्त) आकाराम चौगले’. हे शेवटचं कोरायला मी सांगितलं नव्हतं. पण नको असंही म्हटलं नाही. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला त्या चौथऱ्यावर हार पडतो, शाळेची पोरं घोषणा देतात, आणि मी छातीवर मेडलं लावून सलाम ठोकतो.

शिवशरणची आई तिथं कधीच आली नाही. नवे मास्तर विचारतात तेव्हा गावातले लोक सांगतात, म्हातारीला दुःख सोसत नव्हतं. लोकांना काय, तोंडाला येईल ते सांगतात. तिला काय सोसत नव्हतं ते गावात दोघा-तिघांनाच माहीत आहे, आणि त्यातला एक मी आहे.

शिवशरणला फौजेत मी घातला. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढून मी एक्याण्णव साली घरी आलो आणि घरी बसणं काही मला जमेना. बायको म्हणायची, तुम्ही जेवतानासुद्धा आमची हजेरी घेता. मग गावातली पोरं गोळा केली आणि त्यांना तळ्याच्या बांधावरून पळवायला लागलो. त्यातला हा एक. सडपातळ, अबोल, पण पळायला लागला की थांबायचं नाव नाही. बाप लहानपणीच गेलेला. घरात आई नीलम्मा आणि धाकटी बहीण प्रेरणा. नीलम्मा मला अण्णा म्हणायची. आमच्याकडं, सीमेकडच्या गावांत, थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, आणि ती ते तोंडदेखलं म्हणत नव्हती. नागपंचमीला तिच्या घरातून माझ्याकडं लाह्या आणि तंबिटाचे लाडू न चुकता यायचे. शिवशरण मला मामा म्हणायचा.

ही लिंगायत मंडळी. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, मांडी घालून बसवतात आणि तसंच बसलेलं शेतात नेतात. खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा केलेला असतो, त्यात बसवतात. जन्मापासून गळ्यात असलेलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात. मग बेलाची पानं, विभूती आणि माती. नीलम्माचा नवरा भीमाप्पा गेला तेव्हा मी रजेवर होतो. त्याच्या तळहातावर लिंग ठेवलं तेव्हा जंगमस्वामींच्या, म्हणजे त्यांच्या पुरोहिताच्या, शेजारी मी उभा होतो, पहिल्या चार मुठींतली एक मूठ माती माझी होती. हे मी मुद्दाम सांगतोय. मला त्यांची रीत माहीत नव्हती असं म्हणायची पळवाट मला नको.

पोरगा भरतीत पास झाला आणि बेळगावला निघाला, तेव्हा नीलम्मा एसटीच्या थांब्यापर्यंत आली. गाडी सुटायच्या आत तिनं मला बाजूला घेतलं.

"अण्णा, ह्येच्या गळ्यातलं लिंग तिकडं कोण काढाय सांगितलं तर?"

"कोण सांगत न्हाय. ज्येचा त्येचा देव ज्येच्या त्येच्यापाशी. मी हाय की जबाबदार."

जबाबदार हा शब्द मी फौजेत इतक्या वेळा उच्चारला होता की तो तोंडातून आपोआप बाहेर पडायचा. तिनं मात्र तो धरून ठेवला. लिंग चांदीच्या छोट्या करंड्यात असतं. रजेवर आला की शिवशरण तो आईसमोर गळ्यातून काढून दाखवायचा, ती डोळ्याला लावायची आणि परत घालायची. मला एकदा तो हळूच म्हणाला होता, "मामा, गस्तीला दोरा पट्ट्यात अडकतोय. मी करंडा छातीवरच्या खिशात ठेवतोय. अव्वाला सांगू नगासा." मी नीलम्माला सांगितलं नाही.

दोन हजार सालचा फेब्रुवारी. कारगिल होऊन सहा-सात महिने झालेले. त्या वर्षी टीव्हीनं लोकांना शवपेट्या बघायची सवय लावली होती. शेजारच्या तालुक्यात एक जवान गेला, त्याच्या अंत्ययात्रेला वीस हजार माणूस लोटलं. आमचे सरपंच हंबीरराव ती बघून आले आणि चार दिवस दुसरा विषय नाही. "काय मयत झाली सुबेदारसाब! फुलांचा ट्रक कोल्हापुरातनं. सलामी. मंत्री. चंदनाची लाकडं. नाव निघालं त्या गावाचं." बोलण्याचा सूर असा, की त्यांच्याकडं बार उडाला आणि आमच्याकडं अजून स्थळंच बघणं चाललंय. मी हसलो होतो त्यावर. हसलो होतो हे खरं आहे.

मग आमच्या गावाचा नंबर लागला. ग्रामपंचायतीत फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता म्हणून मला बोलावून आणलं. नाईक शिवशरण कोरी, कुपवाड्याजवळ चकमक, पोटात गोळी, हॉस्पिटलात गेल्यावर प्राण सोडला. मी "जी साहब, जी साहब" म्हणत राहिलो. फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उठून उभा आहे.

नीलम्मा जोंधळे निवडत बसली होती. मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. किंचाळली नाही, डोकं आपटलं नाही. प्रेरणा आतून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. नीलम्मा म्हणाली, "कवा आणणार?"

"परवाच्याला. विमानानं बेळगावपतोर, मग गाडीनं."

"मग खड्डा आजच काढाय सांगते. त्येच्या बाच्या बाजूला."

आणि मग तिनं जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "पेटीतनं आणत्यात म्हणं. तीन दिस आडवा ऱ्हाणार लेकरू. मांडी घालता यील का अण्णा? पाय वाकंल का त्येचा?"

मी मेलेली माणसं पुष्कळ बघितली आहेत. उत्तर मला ठाऊक नव्हतं, पण मी मान हलवली आणि उठलो.

पंचायतीत तोवर सभाच भरली होती. हंबीररावांचा मंत्र्यांना फोन लावून झाला होता आणि मंत्र्यांनी येतो म्हणून सांगितलं होतं. शाळेच्या पटांगणात चौथरा घालायचा, मागं मंडप, डाव्या हाताला व्यासपीठ, सगळं ठरलेलं. लाकडांचा ट्रॅक्टर निघाला होता.

मी म्हणालो, "हंबीरराव, ती लिंगायत हाईत. त्यांच्यात पुरत्यात. शेतात खड्डा काढाय सुरवात बी झाली."

हंबीररावांनी मला बाहेर नेलं, खांद्यावर हात टाकला.

"सुबेदारसाब, तुमी श्याणी माणसं. शेत वढ्यापल्याड. मंत्र्यांची गाडी जाणार हाय का तिकडं? धा हजार माणूस कुठं उभं करायचं, उसात? आनि टीव्हीवाला काय दावणार, खड्डा? त्यो पोरगा आता त्या घरचा ऱ्हायला न्हाय. देशाचा झालाय. गावाचा झालाय. तुमी घडवलासा न्हवं त्येला? मग त्येचा मान तुमीच कमी करणार?"

"ती ऐकायची न्हाय."

"तुमचं ऐकंल. फौजेचा नियम हाय म्हणा. तुमच्यापरास फौजेतलं गावात कुणाला जास्त कळतंय?"

माझ्या जागी कुणी सरळ माणूस असता तर त्यानं तिथंच त्यांचा हात खांद्यावरून झटकला असता. मला तो हात जड वाटला नाही. खरं सांगायचं तर बरा वाटला. नऊ वर्षं मी गावात पोरांना शिट्ट्या मारत फिरत होतो, कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. आता सलामीची तुकडी येणार, मंत्री येणार, आणि ह्या सगळ्यातलं कळणारा गावात मी एकटा. कुठं कोण उभं राहील, फुलं कुणी कधी वाहायची, सगळं मला विचारणार. मी मनाची समजूत घातली की पोराचा पाय वाकणार नाही, आईला ते बघवणार नाही, त्यापेक्षा हे बरं. समजूत घालायला माणसाला काय लागतं!

मी परत नीलम्माकडं गेलो. तिच्या नजरेला नजर न देता म्हणालो, "नीलम्मा, फौजेचा नियम हाय. लढाईत गेला की अग्नीच द्यावा लागतोय. सरकारी इतमाम म्हंत्यात त्याला."

"जाळायचं?" ती म्हणाली.

"नियमच हाय तसा."

दारात खोरं खांद्यावर घेतलेले तिचे दोन पुतणे उभे होते, खड्डा काढून आलेले, पाय चिखलानं भरलेले. त्यांच्याकडं बघून ती म्हणाली, "नियम हाय म्हणत्यात अण्णा." तिनं वाद घातला नाही. कलेक्टर येऊन बोलला असता तर तिनं त्याला हाकलून दिलं असतं. पण मी सांगितलं होतं.

"एक करा," ती म्हणाली. "लिंग तेवढं त्येच्या हातात द्या. डाव्या. मग काय कराल ते करा."

"देतो," मी म्हणालो. "मी सवता ठेवतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला पेटी आली. संकेश्वरपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. पेटीबरोबर पलटणीचा नायब सुभेदार केरबा डवरी आणि चार जवान होते. केरबा शाहूवाडीकडचा, पंचेचाळिशीचा, थकलेला, डोळे लाल झालेले. त्यानं मला सलाम केला आणि एक खाकी पाकीट हातात दिलं. बरोबर यादी. घड्याळ एक, पैशाचं पाकीट एक, पत्रं दोन, चांदीचा करंडा एक. मी यादीवर सही केली.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "साब, घरची रीत काय हाय? दफन का दहन? आमाला हुकूम हाय विचारायचा. आई म्हंतील तसं करायचं."

आई म्हणतील तसं. आई पन्नास पावलांवर बायकांच्या घोळक्यात बसली होती. पन्नास पावलं चालून जायला कितीसा वेळ लागतो? माझ्या शेजारी हंबीरराव हार घेऊन उभे होते.

"दहन," मी म्हणालो.

केरबानं मान डोलावली. त्याला काय माहीत. एका सुभेदारानं दुसऱ्याला सांगितलं होतं.

पाकीट मी खिशात घालणार तेवढ्यात हंबीरराव म्हणाले, "आसं न्हाय सुबेदारसाब. ही वस्तू मंत्र्यांच्या हातनं मातेला द्यायची. तिरंगा, टोपी आनि ही. फोटू निघंल." त्यांच्या माणसानं मखमल अंथरलेलं ताट पुढं केलं. लिंग त्यातून आधी काढून घ्यायला हवं होतं. मी म्हणालोसुद्धा, "त्यातलं एक मला लागणार हाय." ते म्हणाले, "घ्या की मग, कुठं पळतंय." ताट व्यासपीठावर गेलं. मला वाटलं, वेळ आहे.

मंत्री तीन तास उशिरा आले. तोवर ऊन, धूळ, लाउडस्पीकर, घोषणा. पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं शाळेच्या कौलांवर चढलेली. मी रांगा लावत होतो, वाट मोकळी करत होतो, सलामीच्या तुकडीला जागा दाखवत होतो. डोक्यावर जुनी टोपी, छातीवर मेडलं. लोक मला वाट देत होते. त्या तीन तासांत मी करंड्याची आठवण एकदाही काढली नाही. विसरलो म्हणावं तर तेही खरं नाही. माझ्या मनात ते काम यादीत खाली कुठंतरी लिहिलेलं होतं.

पेटी उघडली. जवानांनी शिवशरणला उचलून लाकडांवर ठेवलं. उचलताना त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकला. अगदी सहज वाकला, झोपलेल्या माणसाचा वाकतो तसा. नीलम्मानं ते बघितलं. मीही बघितलं.

मग सगळं भराभर झालं. मंत्र्यांना पुढं कोल्हापुरात सभा होती, त्यांचा माणूस सारखा घड्याळ दाखवत होता. पुष्पचक्रं वाहिली. बंदुकांच्या फैरी झाल्या. पोरं दचकून रडायला लागली, पाखरं उडाली. आणि बिगुल वाजायला लागलं.

ज्यानं फौज बघितली नाही त्याला हे सांगून कळणार नाही. ती शेवटची धून सुरू झाली की माणूस जिथं असेल तिथं खिळतो. सलामीचा हात कपाळाला जातो आणि धून संपेपर्यंत खाली येत नाही. अंगावर साप चढला तरी हलायचं नाही हे आमच्यात रक्तात मुरवलेलं असतं. मी हात कपाळाला लावला आणि त्याच क्षणी समोर बघितलं. नीलम्मा बायकांच्या पुढं येऊन उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. तिनं आपला डावा हात पुढं केला आणि तळहात उघडून मला दाखवला.

ताट व्यासपीठावर होतं. माझ्यापासून सहा पावलांवर. करंडा घेऊन लाकडांपर्यंत जायला आणखी दहा.

बिगुल वाजत होतं. मी हललो नाही. मनात म्हणत होतो, संपू दे, संपलं की जातो. तेवढ्यात हंबीररावांनी खूण केली आणि शिवशरणच्या चुलतभावानं, त्या बिचाऱ्याला तरी काय कळतंय, पेटता कापूर लाकडांना लावला. तूप ओतलेलं होतं. भडका उडाला. शिवशरणचा डावा हात मला दिसत होता, तळवा वर, रिकामा. मी सलामीत उभा होतो. नीलम्माचा हात अजून तसाच पुढं होता. धून संपली तेव्हा आचेनं जवळ जाता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रात फोटो आला. चिता पेटल्यावर मंत्री वाकून ताट देत आहेत, मागं हंबीरराव, त्यांच्या मागं मी. नीलम्मा ताटाकडं बघत नाही, मंत्र्यांकडं बघत नाही. तो फोटो हंबीररावांनी चौकट करून पंचायतीत लावला. त्यात ती कुणाकडं बघतेय हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख गोळा करायला गेलो तेव्हा तिनं मला विचारलं, "ह्येचं काय करत्यात अण्णा?" त्यांच्यात राख होतच नाही, मग तिचं काय करतात ते नीलम्माला कुठून माहीत असणार. हंबीररावांना माहीत होतं. त्यांनी कलश करून जीपमधून पंधरा गावं फिरवला. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती.

त्याच दिवशी मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "नीलम्मा, करंडा ऱ्हाऊन गेला माज्याकडनं."

ती म्हणाली, "आसू दे अण्णा. गर्दी हुती. तुमी तरी किती ठिकाणी बगणार?"

तिनं मला माफ केलं. विसरल्याबद्दल माफ केलं. मी ती माफी घेऊन घरी आलो आणि नियमाबद्दल तोंड उघडलं नाही.

शेतातला खड्डा मात्र तिनं बुजवू दिला नाही. पुतण्यांनी दोनदा विचारलं, बैल पडंल, पोर पडंल. तिनं भोवती काट्यांचं कुंपण घातलं. पावसाळ्यात कडा ढासळायच्या, दिवाळी झाली की ती खोरं घेऊन परत नीट करायची. कोनाडा हातानं सारवायची. मी बांधावरून जाताना बघायचो आणि पाय उचलायचो.

दीड वर्षानं केरबा डवरी आला. रजेवर होता, वाट वाकडी करून मुद्दाम आईला भेटायला आला होता. असली माणसं फौजेत असतात. नीलम्मानं मलाही निरोप धाडला. चहा झाला, चुरमुरे झाले, शिवशरणच्या चार गोष्टी झाल्या. प्रेरणा चौकटीला टेकून ऐकत होती. जाता जाता केरबा म्हणाला, "आई, एक विचारू? तुमच्यात जाळत्यात का? आमच्या पलटणीत निप्पाणीकडचा एक हुता, तुमच्यातलाच. गेल्या साली गेला. त्येला आमी शेतात बसवला की. वर तिरंगा, शेतातच सलामी, बिगुल, समदं. काय अडचण आली न्हाय."

नीलम्मा म्हणाली, "लढाईत गेला हुता?"

"व्हय की."

"मग नियम हाय न्हवं जाळायचा?"

"असला कसला नियम, आई? घरचं म्हंतील तसं. आमी ईचारलं हुतं की सुबेदारसाबास्नी..."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला सगळं कळलं. माझ्या हातात कप होता. अर्धा चहा अजून त्यात होता. नीलम्मा उठली, माझ्यापुढं आली आणि तिनं तो कप माझ्या हातातून काढून घेतला.

"पावणं," ती म्हणाली, "चहा झाला न्हवं?"

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. रस्ता विचारणाऱ्याला, एसटीत शेजारी बसलेल्याला. पंचवीस वर्षांत तिनं मला अण्णाशिवाय हाक मारली नव्हती. तिनं शिवी दिली असती, तोंडावर थुंकली असती, तर मी तिचे पाय धरले असते. पावण्यानं काय करायचं? मी उठलो, चप्पल घातली आणि घरी आलो. त्या पंचमीला लाह्या आल्या नाहीत, लाडू आले नाहीत. बायकोनं विचारलं, तर मी म्हणालो, म्हातारी थकली.

पुढची सात वर्षं ती वाटेत भेटली की, "बरं हाय न्हवं, पावणं?" एवढं म्हणायची आणि पुढं जायची. मी चौथऱ्यावर हार घालत राहिलो. दरवर्षी वाटायचं, आज माईकवरून सांगून टाकावं. दरवर्षी राष्ट्रगीत व्हायचं, पोरांना लाडू वाटले जायचे आणि सगळे पांगायचे.

दोन हजार आठच्या डिसेंबरात नीलम्मा गेली. प्रेरणा कोल्हापुरात नर्स झाली होती, ती आदल्याच दिवशी आली होती. मी गेलो तेव्हा अंगणात नीलम्माला बसवलं होतं. कपाळभर विभूती, मांडी घातलेली, मान किंचित कललेली. डाव्या तळहातावर तिचं लिंग होतं. मांडीवर चांदीचा तो करंडा. जंगमस्वामी लोकांना सांगत होते, म्हातारीनं लिहून ठेवल्यागत बजावून ठेवलंय, नवऱ्याच्या पलीकडच्या बाजूला नको, पोराच्या खड्ड्यात बसवायचं. त्याचं लिंग तिच्याबरोबर जाईल.

तिला उचलायची वेळ झाली. बांबूच्या मखराला चार खांदे लागणार होते. मी टोपी आणली नव्हती, मेडलं लावली नव्हती. गुपचूप पुढं झालो आणि एका कोपऱ्याला हात घातला. भीमाप्पाला मी खांदा दिला होता, शिवशरणच्या पेटीला दिला होता. एवढं तरी मिळेल असं मला वाटलं.

प्रेरणा समोर आली. तिनं माझा हात बांबूवरून बाजूला केला. झटकला नाही, नर्स पेशंटचा हात बाजूला करते तसा केला.

"पावणं," ती म्हणाली, "तुमी हितंच उभं ऱ्हावा. उभं ऱ्हायाची सवय हाय की तुमास्नी."

ते निघून गेले. मी मागून ओढ्यापर्यंत गेलो आणि बांधावर थांबलो. तिथून खड्डा दिसत होता. तिला आत उतरवलं, कोनाड्यात बसवलं. बेलाच्या पानांची टोपली सगळ्यांसमोरून फिरली. एकेकानं पुढं होऊन मूठमूठ माती टाकली, लहान पोरांनीसुद्धा टाकली. मला कुणी हाक मारली नाही. माझ्यापासून तो खड्डा सोळा-सतरा पावलांवर असेल. माझ्या ध्यानात आलं की माझ्या टाचा जुळल्या आहेत, हात बाजूला ताठ आहेत, अंगठे शिवणीला टेकले आहेत. कुणी हुकूम दिला नव्हता. कुठं बिगुलही वाजत नव्हतं. माती पडल्याचा आवाज थांबेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.